एअर पिस्तुलाची ग्रिप हाताजोगी करताना: घडण आधी, टाकी शेवटी

दहा मीटर एअर पिस्तुलात दहाचं वर्तुळ अवघ्या ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. पुढच्या आणि मागच्या साईटमधलं, म्हणजे नेम धरायच्या दोन खुणांमधलं, अंतर ३२० मिलिमीटर धरा. पुढची साईट मागच्या खाचेत एक मिलिमीटर बाजूला सरकली की पेलेट (छर्रा) लक्ष्याच्या कार्डावर जवळपास ३१ मिलिमीटर बाजूला लागतो. हात कार्डाच्या मधोमध दगडासारखा स्थिर असला तरी हाती येतात सात गुण. सांगली-मिरजेकडची, साताऱ्याकडची बरीच नवी मुलं हा सात हात थरथरल्याचा समजतात आणि डंबेल्स मागवतात. अनेकदा खोट ग्रिपमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत असते. कारखान्यातून आलेली अक्रोडाची ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा ठरावीक मापांत येते, आणि तळहात काही अशा मापांत जन्माला येत नाहीत.

ती ग्रिप स्वतःच्या हाताला बसवायची, मग तिच्यावर टाकी लावायची आणि तेल देऊन पक्की करायची, एवढंच या लेखात आहे. टाकी म्हणजे पाट्या-वरवंट्याला लावतात तशीच: लाकडावर बारीक टोचे मारून आणलेली खरखर. नेमबाजांत याला स्टिपलिंग म्हणतात. हे काम दिसायला देखणं असतं आणि करायलाही मजा येते, म्हणून सगळे सुरुवात तिथूनच करतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की टाकी सगळ्यात शेवटी लावा. चुकीच्या आकाराच्या ग्रिपवर लावलेली टाकी हाताला चुकीच्याच जागी घट्ट धरून ठेवते. नंतर आकार बदलायचा म्हटलं तर केलेलं सगळं काम घासून काढावं लागतं.

कामाला बसण्याआधी

कायद्याचं आधी. .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. त्याची लाकडी ग्रिप ही सुटी वस्तू आहे, ती घरी घडवायला हरकत नाही. परवान्याच्या पिस्तुलाची गोष्ट वेगळी. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात बदल करण्याचा धंदा परवान्याशिवाय चालत नाही. पॉलिमर फ्रेमच्या पिस्तुलात तर मूठ आणि फ्रेम एकच असते, म्हणजे मुठीवर काम करणं हे थेट हत्याराच्या अंगावर काम करणं झालं. त्याच फ्रेमवर अनुक्रमांकाची पट्टी असते आणि अनुक्रमांक खोडणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे. तसलं काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्या, गल्लीतल्या हौशी माणसाकडे नको.

मग सुरक्षितता. हवेचं सिलिंडर काढून बाजूला ठेवा. नळीत पेलेट नाही हे डोळ्यांनी पाहा आणि सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची रंगीत खूण) घाला. ग्रिप काढायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा, जाड पुठ्ठ्यावर तिची बाह्यरेषा गिरवून घ्या. स्क्रू आणि वॉशर झाकणाच्या डबीत टाका. ग्रिप पिस्तुलावर असताना कधीही घासू नका. अक्रोडाचा भुसा पिठासारखा बारीक असतो, तो ट्रिगरच्या यंत्रणेत शिरला की ट्रिगरचं वजन रोज वेगळं लागायला लागतं. अधूनमधून ग्रिप लावून पाहावीच लागते, पण प्रत्येक वेळी ब्रशने झटकून आणि ओलसर फडक्याने पुसून मगच लावा.

जमलं तर हे काम हिवाळ्यात काढा. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा एपॉक्सी पुट्टी हातात मळता मळताच कडक व्हायला लागते. पावसाळ्यात, त्यातही साताऱ्याच्या पश्चिम भागात, लाकूड दमट होऊन फुगतं, तेल वाळत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस लाकडालाही बरे आणि माणसालाही.

साहित्य

जाड दात्यांची लाकडाची अर्धगोल कानस, एक गोल कानस, पॉलिश पेपर ८०, १२०, १८० आणि २४० नंबरचे, दोन भागांची एपॉक्सी पुट्टी (एम-सीलसारखी चालते), खडू, पेन्सिल, मास्किंग टेप, दात घासायचा जुना ब्रश. टाकीसाठी छोटं रोटरी टूल आणि गोल तोंडाचा दीड ते दोन मिलिमीटरचा बर, म्हणजे मशीनला लावायचं दातेरी टोक. मशीन नसेल तर काँक्रीटचा खिळा आणि हलकी हातोडी पुरते. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क, पुट्टीच्या वेळी हातमोजे. अक्रोडाच्या भुशाने अनेकांच्या कातडीला आणि नाकाला त्रास होतो, आणि न वाळलेल्या एपॉक्सीने अंगावर पुरळ उठू शकतं, म्हणून हे सोपस्कार टाळू नका.

कानस धरायची कशी हे शिकायचं असेल तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन थोडा वेळ उभे राहा. तिथले कारागीर तानपुऱ्याच्या गोलाईवर कानस चालवतात तेव्हा हात एका जागी रेटत नाहीत, गोलाईबरोबर फिरवतात, आणि दर दोन-चार हातांनी बोटाने चाचपून बघतात. ग्रिपच्या कामाला नेमकी हीच सवय लागते. या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे आणि ती दुरुस्त करणारे. एकोणिसाव्या शतकात ते वाद्यांकडे वळले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. शस्त्राकडून वाद्याकडे गेलेला हा हात ग्रिप घडवणाऱ्याने जरूर पाहावा.

ग्रिप नव्याने लाकडातूनच कोरायची असेल तर अक्रोड उत्तम. तो मध्यम वजनाचा, चिवट, बारीक पोताचा असतो आणि टोचे स्वच्छ उमटतात. शिसम चालतं, पण ते जड आणि टणक. सागवान मी सुचवणार नाही. त्यातल्या तेलकटपणामुळे पुट्टी नीट धरत नाही, आणि त्यातल्या सिलिकामुळे बरचे दात लवकर बोथट होतात.

ग्रिप कुठे बसते, कुठे नाही

तळहाताला आणि बोटांना खडूची पूड चोळा. ग्रिप पिस्तुलावर बसवा, नेहमीसारखी पकडा, हात पुढे करून पिस्तूल उचला, काही सेकंद धरा आणि हात सरळ मागे घेऊन सोडा. हात फिरवला तर ठसे पुसले जातील. गडद लाकडावर पांढरे ठसे स्पष्ट दिसतात. जिथे खडू दाट चिकटला तिथे लाकूड हाताला टोचतंय. जिथे अजिबात नाही तिथे पोकळी आहे. सगळ्या तळहातावर पातळ, एकसारखा ठसा उमटला पाहिजे. दोन-तीनदा करा, कारण पहिल्या वेळी माणूस मुद्दाम नीट पकडतो.

त्यानंतरची चाचणी जास्त महत्त्वाची. रेंजवरच्या पवित्र्यात उभे राहा, पिस्तूल उचला, डोळे मिटा. दोन श्वास घ्या, मनगट नेहमीसारखं आवळा, डोळे उघडा. कार्ड सोडा, फक्त साईट पाहा.

पूर्ण पिस्तूल कार्डाच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला असेल तर तो पायांचा प्रश्न आहे. मागचं पाऊल थोडं सरकवलं की सुटतो, त्यासाठी लाकूड घासायचं नसतं. पुढची साईट मागच्या खाचेत एका बाजूला गेली असेल तर मात्र तो ग्रिपचा प्रश्न. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की माणूस चांगली ग्रिप बिघडवून बसतो, म्हणून इथे वेळ द्या. वेगवेगळ्या दिवशी, ताजेतवाने असताना आणि सराव करून दमल्यावरही तपासा. एकच दोष पुन्हा पुन्हा दिसला तरच कानस हातात घ्या.

उजव्या हाताच्या नेमबाजाला पुढची साईट खाचेत उजवीकडे दिसतेय असं समजा. म्हणजे नळीचं तोंड उजवीकडे वळलंय. ते डावीकडे आणायला ग्रिपचा मागचा भाग हातात किंचित उजवीकडे जायला हवा. त्यासाठी दोन वाटा आहेत: उजव्या बाजूला मागे, तळहाताच्या टाचेजवळचं लाकूड थोडं उतरवायचं, किंवा डाव्या बाजूला अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या उंचवट्याखाली पातळ भर घालायची. साईट डावीकडे दिसत असेल तर याच्या उलट. डावखुऱ्यांनी सगळ्या बाजू आरशातल्यासारख्या बदलून घ्याव्यात.

साईट वर-खाली दिसत असेल तर लाकडाला हात लावायच्या आधी ग्रिपचा कोन बघा. मॅच पिस्तुलांत बहुधा तो स्क्रूने बदलता येतो. अर्ध्या वळणाने सुटणाऱ्या गोष्टीसाठी लाकूड उतरवू नये. उतरवलेलं लाकूड परत मिळत नाही.

उतरवणं आणि भर घालणं

आधी उतरवायचं, मग भर घालायची. ठशांत दाट दिसलेल्या जागेवर कानसेचे चार-पाच हात, मग पुन्हा खडू, पुन्हा ठसा. कंटाळवाणं वाटतं, पण यात घाई करणारा नेहमी जास्तच उतरवतो.

ट्रिगरच्या बोटाजवळची जागा मोकळी करा. हे बोट ट्रिगरशिवाय कशालाच टेकता कामा नये. ते लाकडाला घासत असेल तर ट्रिगर दाबताना पिस्तूलही बाजूला ढकललं जातं आणि पेलेट एकाच दिशेला जात राहतात. बोट आणि लाकूड यांच्यातून जाड कागद सहज सरकेल इतकी फट पाहिजे.

भर घालायच्या जागेवरचं पॉलिश ८० नंबरच्या पेपरने खरवडून काढा आणि स्पिरिटने पुसा, नाहीतर पुट्टी काही महिन्यांत पापुद्र्यासारखी सुटून येईल. पिस्तुलाचा धातूचा भाग प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळा आणि टेपने बंद करा. पुट्टीचे दोन्ही भाग एकसारखा रंग येईपर्यंत मळा आणि पातळ थर लावा. वर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म घाला. मग पिस्तूल पवित्र्यात उचलून नेहमीच्याच दाबाने पकडा.

नेहमीच्याच, हे दोनदा सांगतो. ठसा चांगला उमटावा म्हणून माणूस आवळून धरतो आणि मग ग्रिप त्या आवळलेल्या हातासाठी घडते. सामन्यात तासभर तसं आवळून धरणं कोणालाच झेपत नाही. ६० फैरींसाठी ७५ मिनिटं असतात आणि पिस्तूल साधारण किलोभराचं असतं. शेवटच्या वीस फैरींत हात कसा असतो तसाच हात पुट्टीला द्या.

ठसा उमटला की हात अलगद काढा आणि पुट्टी पूर्ण दिवसभर वाळू द्या. मग १२० आणि १८० नंबरच्या पेपरने कडा लाकडात मिसळून टाका. बोटं बसायला खोल खाचा करायचा मोह होईल, तो आवरा. उन्हाळ्यात आणि लांबलेल्या सरावात बोटं सुजतात, थंडीत आकसतात. सकाळी बरोबर बसणारी खाच दुपारी बोटाला भलतीकडे ढकलते. मधल्या बोटाखाली उथळ आधार पुरेसा असतो, कारण पिस्तुलाचं वजन मुख्यतः तेच बोट उचलतं.

नियमांत बसतंय का

जिल्हा स्पर्धेपासून पुढे उपकरण तपासणी होते, आणि घरी घडवलेल्या ग्रिपची तिथे बारकाईने पाहणी होते. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत एअर पिस्तुलाचं वजन १५०० ग्रॅमपर्यंत, ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम, आणि अख्खं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. घरगुती ग्रिप बहुतेक वेळा अडकते ती ५० मिलिमीटरच्या रुंदीत, कारण तळहाताच्या बाजूला आणि खालच्या टेकूला पुट्टी चढत जाते. खोक्याच्या पुठ्ठ्यातून याच मापाची पेटी बनवा आणि प्रत्येक भरीनंतर पिस्तूल त्यात घालून बघा.

ग्रिपने हाताला वेढा घालता कामा नये. तळहाताच्या खालचा टेकू ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करू शकत नाही आणि त्याची कड वर वळलेली चालत नाही. अंगठा वरच्या दिशेने मोकळेपणाने उचलता आला पाहिजे. मनगट संपूर्ण मोकळं दिसलं पाहिजे.

आता थांबायचं

आकार झाला. लाकूड अजून उघडं आहे, भर घातलेली पुट्टी ठिगळासारखी दिसतेय. तशाच ग्रिपने काही आठवडे सराव करा. नवीन आकाराची हाताला सवय होते, किंवा होत नाही, आणि ते कळायला दिवस जावे लागतात. डोळे मिटण्याची चाचणी रोज सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा करा. उघडं लाकूड घामाने काळसर होत जातं, त्याचाही उपयोग आहे: जिथे लाकूड सगळ्यात काळं झालं तिथे हात खरोखर टेकतो. टाकी कुठे लावायची याचा नकाशा तोच.

टाकी

टाकी काम कसं करते हे आधी समजून घेऊ. चकचकीत पॉलिशवर घामाचा पातळ थर पसरला की कातडी त्यावर तरंगते आणि हात घसरतो. घसरू नये म्हणून आपण नकळत जास्त आवळतो. जास्त आवळलं की पुढच्या हाताचे स्नायू थरथरतात, आणि ट्रिगरचं बोट बाकीच्या बोटांबरोबर ताठ होतं. टोच्यांमुळे मधल्या बारीक उंचवट्यांत कातडी रुतते आणि घामाला खड्ड्यांत जागा मिळते. चांगली टाकी लागली याची खूण म्हणजे तुम्ही आपोआप हलकं धरायला लागता. ग्रिप हातात चावते असं कोणी कौतुकाने सांगितलं तर समजा टाकी गरजेपेक्षा तीक्ष्ण झालीय.

जागा निवडताना कंजूष राहा. पुढची पट्टी, जिथे मधलं आणि अनामिका ही बोटं येतात, तिथे हवीच. तळहाताच्या बाजूचा फुगवटा, तिथेही हवी. मागच्या पट्टीचा खालचा अर्धा भाग, तिथे बारीक. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी जिथे बसते तिथे लावू नका. ती कातडी नाजूक असते, प्रत्येक फैरीला पिस्तूल उचलताना घासली जाते आणि आठवड्याभरात सोलते. अंगठ्याच्या टेकूवर नको, कारण अंगठ्याने दाबायचंच नसतं. ट्रिगरच्या बोटाजवळ तर अजिबात नको.

सीमारेषा पेन्सिलने आखा. ग्रिपच्या कडेपासून आणि दोन भागांच्या सांध्यापासून दोन-तीन मिलिमीटर जागा गुळगुळीत सोडा. कडेवर मारलेला टोचा कपची उडवतो, आणि एकदा कपची उडाली की ती कड कायमची बोचते. रेषेबाहेर मास्किंग टेपचे दोन थर लावा. बर घसरतोच, तेव्हा टेप लाकूड वाचवते.

थेट ग्रिपवर हात टाकू नका. सुताराकडून शिसमाचा किंवा इतर कठीण लाकडाचा तुकडा आणा आणि त्यावर तळहाताएवढी जागा भरेपर्यंत सराव करा. पहिले टोचे लांबट आणि वेडेवाकडे येतात, कारण बर तिरपा धरला जातो. बर लाकडाला काटकोनात धरायचा, क्षणभर टेकवायचा आणि सरळ उचलायचा. दाबायचं नाही, ओढायचंही नाही. खोली अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. वेग मध्यमच्या खाली ठेवा. जास्त वेगाने लाकूड जळून काळं पडतं आणि त्या जळक्या थरावर तेल नीट बसत नाही.

ग्रिपवर आधी सीमारेषेच्या आतून एक ओळ टोच्यांची मारून घ्या. ही ओळ सरळ आणि सलग हवी, सगळ्या कामाचा देखणेपणा हिच्यावर आहे. मग आतली जागा भरा, पण ओळीने भरू नका. हात सतत फिरता ठेवून विखुरलेले टोचे मारा, मग त्यांच्यामधल्या जागा भरा, मग राहिलेल्या. ओळीत मारलेल्या टोच्यांत थोडीशी चूकही डोळ्यात भरते. शिवाय ओळी लाकडाच्या रेषेच्या दिशेने आल्या तर मधलं लाकूड लांब चिरकीसारखं सुटतं. टोचे एकमेकांना जेमतेम शिवतील इतके जवळ असावेत, आणि मध्ये सपाट जागा उरू नये. मोठी जागा एका बैठकीत संपवू नका. हात दमला की टोचे खोल व्हायला लागतात आणि एकाच जागी दोन पोत दिसतात.

आडव्या कापाचं लाकूड, म्हणजे जिथे रेषांची टोकं वर येतात, विशेषतः खालच्या टेकूजवळ, तिथे लाकूड भुसभुशीत तुटतं. तिथे टोचे उथळ ठेवा आणि सुटणाऱ्या कपचीवर पातळ सुपरग्लूचा एकच थेंब सोडा. पुट्टीवर टोचे लाकडापेक्षा स्वच्छ उमटतात, पण जिथे पुट्टीचा थर कागदासारखा पातळ होत लाकडात मिसळतो तिथे तिचे टवके निघतात. त्या पट्ट्यात अगदी हलक्या हाताने काम करा.

मशीन नसेल तर काँक्रीटच्या खिळ्याचं टोक सपाट घासा आणि बारीक कानसेने त्यावर आडव्या-उभ्या दोन खाचा पाडा. चार टोकांचा ठोसा तयार होतो. हलक्या हातोडीने मारत जायचं, प्रत्येक ठोक्याला खिळा बोटांत थोडा फिरवायचा. वेळ दुप्पट लागतो. मला स्वतःला हा पोत जास्त आवडतो, कारण लाकूड कापलं न जाता दाबलं जातं आणि वरचे उंचवटे जास्त दिवस टिकतात. ग्रिप मात्र वाळूच्या पिशवीवर किंवा जाड घडीच्या टॉवेलवर ठेवून मारा. पोकळ भागाखाली आधार नसला तर ग्रिप तडकू शकते.

झालं की जुन्या ब्रशने भुसा काढा आणि पूर्ण सराव करून बघा. तळहातावर ठिपक्यांची नक्षी उमटणारच, ती थोड्या वेळात गेली पाहिजे. कातडी सोलली किंवा लाल चट्टा दुसऱ्या दिवशीही दुखला तर वापरलेला २४० नंबरचा पेपर दोन-तीनदा वरून फिरवा. नवा पेपर नको, तो एका फटक्यात निम्मी टाकी खाऊन टाकतो.

तेल

जवसाचं तेल, पण हार्डवेअरच्या दुकानात लाकडासाठी मिळतं ते लवकर वाळणारं, बॉइल्ड प्रकारचं. कच्चं जवसाचं तेल वाळायला फार दिवस घेतं. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल वाळतच नाही, ते चिकट राहतं आणि खवट होतं. मेलामाइन किंवा पीयू पॉलिश टाकीवर मारू नका, त्याने खड्डे भरून पुन्हा चकचकीत थर तयार होतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

तेल फडक्याने पातळ लावा. टाकीच्या भागात ब्रशने आत घाला आणि दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या ब्रशने जादा तेल बाहेर काढा. खड्ड्यांत तेल साचलं तर त्याचा चिकट गोळा होतो. एक हात पूर्ण वाळल्यावर दुसरा. तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा कधीही चांगले.

तेलाचं फडकं चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता निघते, आणि गोळा केलेल्या फडक्यात ती कोंडून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. घरात सांगून ठेवा, कारण आवराआवर करणारा माणूस दुसराच असतो.

ग्रिप पॉलिमरची असेल तर

सुरुवातीच्या पातळीवरच्या काही एअर पिस्तुलांची ग्रिप प्लॅस्टिकची असते. तिच्यावर टाकी उष्णतेने लावतात, सोल्डरिंगच्या गोल टोकाने. अशा ग्रिपमध्ये बऱ्याचदा काचतंतू मिसळलेलं नायलॉन असतं, ते प्रकारानुसार साधारण २२० ते २६० अंशांवर वितळतं. साधी सोल्डरिंग गन याहून खूप तापते, म्हणून तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग स्टेशनच घ्या. प्लॅस्टिक मऊ पडेल इतकंच तापमान ठेवा. धूर दिसला तर ते जळतंय. काम उघड्या हवेत, पंख्याकडे पाठ करून करा, म्हणजे वाफा तुमच्यापासून दूर जातील.

इथे अडचण जाडीची आहे. प्लॅस्टिकची भिंत कुठे जाड, कुठे पातळ असते, आणि पातळ जागी टोक आरपार जातं किंवा आतला आकार वाकून ग्रिप पिस्तुलावर बसेनाशी होते. ग्रिप काढून आतून बघा, पातळ भाग खूण करून वगळा. खोली लाकडापेक्षाही कमी ठेवा. लाकडावरची चूक पुट्टीने भरता येते, वितळलेलं प्लॅस्टिक पूर्ववत होत नाही. माझा सल्ला असा की प्लॅस्टिकच्या ग्रिपवर आधी १२० नंबरच्या पेपरने नुसती चमक मारून बघा. पुष्कळ जणांचं काम तेवढ्यावरच भागतं, आणि पुढे लाकडी ग्रिप घेण्यासाठी पैसे जमवता येतात.

नंतरची निगा

सरावानंतर ग्रिप कोरड्या फडक्याने पुसून ठेवा. ओल्या हाताने पेटीत बंद केलेली ग्रिप पावसाळ्यात बुरशी धरते. टाकीतला मळ महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने काढा. मळ घट्ट बसला असेल तर ब्रश कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून नीट झटका, मग घासा आणि लगेच पुसून सावलीत वाळवा. ग्रिप पाण्यात बुडवू नका, उन्हात ठेवू नका. गाडीच्या डिकीत, उन्हाळ्यात तर नाहीच. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तेलाचा एक पातळ हात पुरे.

शाळकरी मुलांच्या ग्रिपबाबत वेगळं सांगायला हवं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा तळहात दोन हंगामांत मोठा होतो. त्याच्यासाठी लाकूड कमीत कमी उतरवा, भर पुट्टीचीच घाला कारण ती घासून काढता येते, आणि टाकी फक्त पुढच्या पट्टीवर, उथळ लावा. मोठा हात होईल तेव्हा त्याच ग्रिपवर पुन्हा काम करता येईल.

रोज सराव करणाऱ्याची टाकी काही वर्षांनी गुळगुळीत होते, आधी तळहाताच्या फुगवट्यावर आणि मग पुढच्या पट्टीवर. टोचे अर्ध्या मिलिमीटरचेच असतील तर झिजलेला थर १२० नंबरच्या पेपरने सपाट करून त्याच जागेवर नवी टाकी लावता येते. प्रत्येक वेळी लाकूड थोडं कमी होतं, म्हणून नवी टाकी लावण्याआधी खडूचे ठसे पुन्हा घ्या, डोळे मिटून साईट पुन्हा तपासा, आणि पोकळी आली असेल तिथे पुट्टीचा पातळ थर चढवून मगच टोचे मारा.